सेलूचा रस्ता

सेलूच्या दवाखान्यात जाऊन आले
हे मी कुणालाच बोलले नव्हते.
फोन मात्र आठवडाभर पाळणे दाखवत राहिला,
रिकामे, सवलतीतले.

जिंतूर रोडला, मुबीनच्या टपरीत
त्याने फोन उपडा केला, वायर जोडली.
म्हणाला, "ताई, आतलं सगळं पुसायलोय.
आता जे टाकतो ते उघडं हाय,
कुणीबी वाचून बघावं काय लिहिलंय.
पण बँकेचं ॲप रुसंल, बरं का."
रुसू दे. बँक चार पावलांवर आहे.

अर्धा तास काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं,
वर पत्रा तडतडत होता.
मग फोनने विचारलं: ठिकाण कळू देऊ का?

आजवर असं कुणी विचारलं नव्हतं,
घरातसुद्धा.
'नाही'च्या वर बोट धरून
मी बराच वेळ बसले.