पाल

घणसोली, सेक्टर सातच्या गतिरोधकावर
कुंजलने पहिल्यांदा ऐकलं.
"काकू, तुमच्या सीटखाली पाल आहे."
ओम्नीचं इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखालीच असतं,
त्यामुळे पोर खोटं बोलत नव्हती.

टिक् टिक् टिक्.
मी रेडिओ लावला.
दुसऱ्या दिवशी जरा मोठ्याने.
तिसऱ्या दिवशी मागची पोरं
त्या ठोक्यावर सातचा पाढा म्हणायला लागली
आणि कोपरखैरण्यापर्यंत एकदाही चुकली नाहीत.

मनात चुकचुकते ती पाल वेगळी.
हिला पैसे लागतात.

दस्तगीर मुलाणी तुर्भ्याच्या पुलाखाली बसतो.
मसाला मार्केटकडून वारा आला की
आधी शिंकतो, मग बोलतो.
गार असताना वाजते की तापल्यावर?
दोन्ही.
रेस दिली की भरभर?
हो.
कधीपासून?
"परवापासून," मी म्हटलं.
त्याने नुसतं पाहिलं.
"पंधरा दिवस."
ऑइल कधी बदललं?
इथे मी मार्केटकडे बघत राहिले.
मे महिन्यात शाळा नसते, फी नसते,
पतपेढीचा हप्ता तेवढा असतो.

त्याने सीट उलटली, पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली.
खालच्या खुणेच्याही खाली, डांबरासारखं काळं.
जुनं काढलं, नवं ओतलं, गाडी चालू ठेवली.
आवाज निम्मा झाला.
"निम्मा भुकेचा होता," तो म्हणाला,
"उरलेला आता शोधू."

मग त्याने उदबत्ती पेटवली.
मला वाटलं, देवापुढे.
ती त्याने एक्झॉस्टच्या जोडावर फिरवली;
धूर सरळ वर गेला, कुठे दचकला नाही.
"गॅसकेट फुंकत नाही."
एकेका प्लगची वायर काढून पाहिली.
इंजिन लंगडलं, थरथरलं,
टिक् टिक् तिच्या जागी, तिच्या सुरात.
"खालचं दुखणं असतं तर आवाज फिरला असता. हे वरचं.
इंजिन दोनदा फिरतं तेव्हा ही एकदा बोलते."

लांब स्क्रूड्रायव्हर. टोक झाकणावर, मूठ कानाच्या हाडावर.
डोळे मिटून तो एकेका ठिकाणी थांबत गेला,
मधल्या सिलिंडरपाशी थांबला तो थांबलाच.
"ऐका."
मी ऐकलं.
आधी फक्त माझंच रक्त.
मग सहा व्हॉल्व्ह, सहाही बोलत होते,
पाच जण ओठांत,
एक जण दारावर नखाने.

गार व्हायला दोन तास लागले.
मी टायरवर बसून राहिले, दोन चहा झाले,
बारा चाळीसची शाळा सुटायची वेळ मनात मागे ढकलत.
झाकण उघडल्यावर काहीच विशेष नव्हतं:
एक नट सैल, एक फट मोठी.
त्याने पोलादी पत्ती फटीत घातली,
स्क्रू फिरवला, पत्ती ओढून पाहिली.
ओलं होऊन चिकटलेलं वहीचं पान
सोडवताना लागतं ना हाताला,
तेवढंच लागलं पाहिजे म्हणाला.
"अजून आवळा ना," मी म्हटलं, "पूर्ण गप्प होऊ दे."
तो हसला नाही.
"गप्प केली की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, ताई.
मग आवाज नाही करत, जळतो.
थोडी वाजू दे."

आठशे ऐंशी झाले. पाचशे दिले,
उरलेले दहा तारखेला.

बारा सदतीसला मी शाळेच्या फाटकापाशी होते.
कुंजल सगळ्यांत आधी चढली,
दप्तर सोडलं, वाकून सीटला कान लावला.
रेडिओ बंद होता.
मी गाडी सुरू केली
आणि ती काय म्हणते याची
वाट बघत राहिले.