गोल पूल

रोचाच्या वाटेवर उजवीकडे समुद्र,
डावीकडे त्याला पाठ करून चरणाऱ्या गाई.
एल्बियोला घाई नाही. इथे कुणालाच नसते.
मालेनानं पायाची सगळी वाळू
आजोबांच्या विजारीवर झटकलीय.
ते काही बोलत नाहीत. भोपळ्यात गरम पाणी ओततात,
नळीनं एक घोट घेतात,
कडू चहा पुढे माझ्याकडे देतात.

मग गार्सोनचं तळं,
आणि पाण्यावर कुणी काढून ठेवलेल्या कड्यासारखा
तो पूल.
गाड्यांनी हळू जावं म्हणून गोल, म्हणे.
"सरळ बांधला असता तर सिमेंट वाचलं असतं."
एवढंच बोलले बाबा.

सव्वीस वर्षं त्यांनी इथे तराफा चालवला.
एका खेपेला दोन गाड्या,
वारा सुटला की एकही नाही.
मग लोक काठावर मासे तळायचे, भांडायचे.
एकदा एक नवरी अडकली,
रात्रभर आमच्या खोपटात झोपली,
बूट उशाला घेऊन.
पूल सुरू झाला त्या दिवशी
बाबा भरदुपारी घरी येऊन आडवे झाले.

"आजोबा, तराफा कधी बुडाला?"
"एकदा. मेंढी गेली."
जरा थांबून,
"नाही, मेंढी पोहली. टोपी गेली."

अर्ध्या फेरीत पलीकडचा काठ आला.
एल्बियोनं आरशात पाहिलं
आणि चाक वळतंच ठेवलं.
पुन्हा पाणी. पुन्हा कठड्याशी गळ टाकून बसलेला
तोच माणूस. त्यानं हात केला,
"काय विल्मार, रस्ता चुकलास?"

बाबांनी काच खाली घेतली.
"ही खेप फुकट आहे," म्हणाले.