एक नंबर

डर्बीत, बोल्स क्लबच्या मागच्या खोलीत
महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी आम्ही उलटे मोजतो.
चाळीस. एकोणचाळीस. अडतीस.
नेव्हिलने टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा बदललेला असतो,
ग्लेनिस समास आखून वही उघडते,
डेझमंड डोळे मिटतो. तेव्हा तो बस चालवायचा,
आणि रविवारी संध्याकाळी शेवटच्या स्टॉपवर
रेडिओ लावून, म्हणतो, मुद्दाम उशीर करायचा.

कुठला आठवडा ते आधी सांगायचं नाही.
ओळखायचं.
'मार्चचा दुसरा.'
'छे, तेव्हा हे बाविसावर होतं.'
एका आकड्यावरून अशी भांडणं
की वाटावं, जमिनीचा दावा चाललाय.
मग बिस्किटं.

निवेदक जाऊन किती वर्षं झाली,
त्याची घाई मात्र अजून गेलेली नाही.
गाणं संपायच्या आत तो तोंड घालतो
आणि आम्ही साठीला टेकलेली माणसं एकदम ओरडतो, गप्प बस रे!
तेव्हाही ओरडायचो हेच,
वेगवेगळ्या गल्ल्यांत, वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत,
एकमेकांना न ओळखता.

या खेपेला माझी कॅसेट.
सन ब्याऐंशी, बाजू ब.
वर माझं तेराव्या वर्षाचं अक्षर: हात लावू नये.
आमच्याकडे जोडायची वायर नव्हती.
रेडिओसमोर टेप ठेवायचा, पॉझवर बोट,
आणि घराला सांगायचं, श्वास घेऊ नका.
नवव्या नंबरात कुकरची शिट्टी आहे.
कीरन, वय बावीस, पुढे झुकून विचारतो,
'हे वाद्य कुठलं?'

सात. सहा. पाच.
दोन नंबर रंगात येतो न येतो
तोच खट्ट.
मीटरमधली पन्नास पेनी संपली असणार.
कोण अरेरे करतं, कोण चहा ओततं,
नेव्हिलचा हात बटणापर्यंत जातो,
आणि खरखरीतून दादा बोलू लागतात.

'…तर भालू, यंदाही जमायचं नाही.
रजा मिळत नाही असं सांग आईला.
रजेचं तसं काही नाही, पण तसंच सांग.
बाकी इकडे ठीक. पोरगी इंग्रजी गाणी म्हणते,
आकड्यांसकट पाठ. गंमत वाटते.
तू ते मिरजेचं…'

टेप संपली.

कोरी समजून घेतली होती मी ती.
मिरजेला जायची होती, पाकिटातून, पोस्टानं.
दादांनी शोधली असेल. मला विचारलं नसेल.
किंवा विचारलं असेल, आणि मी
नाही, पाहिली नाही, म्हटलं असेल.
हे मला आठवत नाही.
त्या वर्षीचे आकडे सगळे आठवतात.

'काय म्हणत होते?' कीरनने विचारलं.
'थंडीचं,' मी म्हटलं. 'थंडी फार आहे म्हणत होते.'
डेझमंडने एक डोळा उघडला.
'आम्हीही थंडीचंच बोलायचो,' तो म्हणाला,
'किंग्स्टनला कॅसेट पाठवताना.'
आणि परत मिटला.

त्या आठवड्यात एक नंबरला कोण होतं
ते खोलीतल्या प्रत्येकाला पाठ आहे.
तरी ग्लेनिस लिहीना.
पेन धरून बसली, चष्म्यावरून माझ्याकडे बघत.
'त्यांचं नाव?'

रेल्वे कारखान्यात टेरी म्हणायचे त्यांना,
पगाराच्या पाकिटावरसुद्धा.
मी सांगितलं, त्र्यंबक.
एकेक अक्षर, सावकाश.
तिला दोनदा खोडावं लागलं.

मग बिस्किटं.