एकही नाही

ओस्मोनं ब्लॉक आणला ढकलगाडीवर घालून,
अंगणातल्या बर्फात दोन चाकोऱ्या पाडत.
ब्लॉकच्या कुशीला भोक, माझी मूठ आरपार जाईल एवढं.
सहा हजार फेऱ्यांवर कनेक्टिंग रॉड तुटला
आणि वाट फुटेल तिकडे गेला.

इर्यानं कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
विहिरीत डोकावावं तसं आत पाहिलं.
"टर्बो मोठा बसवलास?"
"हो."
"आणि खाली?"
ओस्मो बुटांकडे बघत राहिला.

कुह्मोत डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवे लागतात.
मी तिची शिकाऊ. लोखंडाचा कीस झाडायचा,
शेगडीत बर्चची लाकडं सारायची,
ती बोलेल ते आकडे वहीत लिहायचे.

दुसरा ब्लॉक भंगारातून आला,
कुणाच्या तरी सावकाश चालवलेल्या व्होल्वोचा.
त्यात ठोकून घडवलेला क्रँक, तसलेच रॉड,
मेन कॅपना नवे स्टड.
"भोकं अशीच गोल करू नकोस," ती म्हणाली,
"आधी कॅप आवळ. पूर्ण ताण दे.
ताणाखाली ती वाकडी होतात.
वाकडी होऊ दे, मग गोल कर.
मोकळेपणी गोल राहणं काय, कुणालाही जमतं."

टॉर्क रेंच. तीन टप्पे.
तिसऱ्याला तिचा श्वास थांबतो.
स्टड नुसता घट्ट असतो म्हणून धरत नाही, सांगते,
तो ताणला जातो, आणि परत यायला बघतो.
त्या परत येऊ बघण्यावर सगळं उभं.
(तिचा नवरा ओउलूला गेला, त्याला नऊ वर्षं झाली.
मी आकडा लिहिला.)

बेअरिंगची फट
तसूभर नाही, सूतभर नाही,
केसाहून कमी.
तेल तिथं राहतं.

ओस्मोनं पैसे मोजले,
अख्ख्या उन्हाळ्याच्या लाकूडतोडीचे.
"यानं किती हॉर्सपॉवर वाढतील?"
"एकही नाही."
त्याला वाटलं, थट्टा.

मार्च. तळ्यावर हातभर बर्फ,
खिळ्यांच्या टायरांची किंचाळी.
ओस्मो एका वळणावर ढिगात शिरला,
आरसा गेला, दार चेपलं, तरी पाचवा आला.
इर्या शर्यतीकडे पाठ करून उभी,
थर्मॉसच्या झाकणात कॉफी निवलेली,
फक्त कान तळ्याकडे.
"पाचवा," मी सांगितलं.
"तेलाचा दाब किती राहिला?"

रात्री तिनं त्याचा ऑइल फिल्टर
डब्यासारखा कापला,
आतला कागद घडी घडी उलगडून
दिव्याखाली पसरला.
बेअरिंग झिजलं असेल तर इथं चमकतं.
ओस्मो दारातच, टोपी पिळत,
निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा.

काळं तेल. ओला कागद.
तिनं बोट फिरवलं, दिव्यापाशी धरलं,
पुन्हा फिरवलं.

"एकही नाही," ती म्हणाली.
मग माझ्याकडे न बघता,
"लिही."