बटणं

तेराव्या वर्षी मी उजेडाचा हमाल होतो.
मिस्टर विदरोंच्या मागून जिने चढायचो,
एका खांद्यावर काचांची पेटी, दुसऱ्यावर तिपाई,
आणि डब्यात भडक्याची पावडर.
जपून, म्हणायचे, स्वतःलाच पेटवशील.
दिवसाचे चाळीस सेंट. त्यांनी पाव घेतला तर अर्धा माझा.

फिलाडेल्फिया, फेब्रुवारी, एकोणीसशे अकरा.
तिसरा मजला, मागची खोली,
खिडकी उघडली की समोर हातभरावर वीट,
म्हणून भरदुपारी दिवा
आणि दिव्याभोवती चार डोकी,
पाटलोणींच्या ढिगावर वाकलेली.
चौथं डोकं टेबलापेक्षा जेमतेम उंच.

वय विचारलं.
आई, ब्रिजिदा, म्हणाली बारा.
मुलीच्या तोंडात टाचण्या होत्या,
तिनं बोटं वर केली: सात,
आणि एक चिंधी बांधलेलं.
ते मोजायचं की नाही, मला कळेना.
वहीत लिहिलं: आठ, पुढे प्रश्नचिन्ह.

फोटो म्हटल्यावर ब्रिजिदा लगबगीनं उठली.
पदर नव्हता, एप्रनचं टोक थुंकीनं ओलं करून
सगळ्यांची तोंडं पुसली,
पाटलोणी खाटेमागे ढकलल्या,
भिंतीवरची मादोन्ना सरळ केली.
कालाब्रियाला आईकडे पाठवायचा होता तिला,
पोरं धडधाकट आहेत, एवढंच दिसावं म्हणून.

विदरो म्हणाले, नको. ढीग परत ठेवा.
मुलीला म्हणाले, मघाशी धरली होतीस
तशीच धर सुई.
तिनं धरली.
मी पावडर पेटवली.

पांढराशुभ्र भडका, तान्ह्याची किंकाळी,
मग धूर, आणि धुरातून सावकाश
राख उतरली काळ्या कापडावर.
ब्रिजिदा झटकत राहिली, झटकत राहिली.
डाग पडला तर मुकादम जोडीमागे पैसे कापतो,
हे तिला इंग्रजीत सांगता येईना,
आम्हाला मात्र समजलं.

निघताना मुलीनं विदरोंचा कोट धरला.
मधलं बटण एका धाग्यावर लोंबत होतं;
आम्ही तिच्याकडे पाहत होतो तेव्हा
ती बहुतेक त्याच्याकडे पाहत होती.
हो नाही म्हणायच्या आत सुई आत, सुई बाहेर,
गाठ, आणि दातांनी तोडलेला दोरा.
मग तळहात पुढे: एक सेंट.

विदरोंकडे पाच सेंटचं नाणं होतं.
तिच्याकडे सुटे नव्हते.
तिनं थोडा विचार केला
आणि उरलेली चारही बटणं
एकेक करून घट्ट करायला घेतली.
आणि विदरो,
ज्यांनी त्या हिवाळ्यात असे साठ फोटो काढले,
उभे राहिले. कोट अंगात, हात किंचित वर,
शिंप्याकडे गिऱ्हाईक उभं राहतं तसे.
मी दिवा जरा जवळ धरला,
तिला नीट दिसावं म्हणून.

जिन्यात मी विचारलं, हे लिहू का?
ते दोन पायऱ्या उतरले.
म्हणाले, पेटी सांभाळ.

तो फोटो सभागृहात टांगला गेला,
लोकांनी टोप्या काढल्या म्हणे.
ब्रिजिदाची प्रत द्यायला मीच गेलो होतो, मे महिन्यात.
दार दुसऱ्याच कुणी उघडलं.

प्रत माझ्याकडे आहे. कोटही, त्यांच्या पश्चात आलेला.
अस्तर विरलं, कॉलर दोनदा उलटवली.
बटणं पाचही जागच्या जागी.
सकाळी घालताना
मधलं मी शेवटी लावतो.