डबी नंबर सत्तेचाळीस

शमा मुजावर, वय पंचवीस. पाठीवर पिशवी,
पिशवीत लोखंडाची एक मूठ, काखेत घडीची खुर्ची.
म्हणाली, आजी, काल उठल्यापासून झोपेपर्यंत
काय काय खाल्लं, आठवून सांगा.

काय खाल्लं.
हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं.
काय केलंस विचारायचे. कधी होतंय विचारायचे.
म्हटलं, उरलं ते.
तिनं कागद वरखाली बघितला.
'उरलं' असा रकाना नव्हता.

तालमीमागच्या बोळात तेहेतीस वर्षं
खानावळ चालवली, पैलवानांची.
पहाटे चारला कुंडीत बदाम, खसखस, मिरी,
सोटा फिरवून फिरवून दंड असा झालेला
की चोळीची शिवण टिकायची नाही.
थंडाई गाळली की चोथा म्हशीला.
म्हैस लई देखणी होती.

शिरोळकडचा बाळगोंडा, मटणाला न शिवणारा,
दुधातुपावर खांब झालेला,
खिडकीतनं ओरडायचा, आक्का, मोजा!
आणि बैठका सुरू.
मी भाकरी थापत मोजायचो.
एका भाकरीला बारा बैठका.
परवा तो सीपीआरच्या जिन्यात दिसला,
कठडा धरून, पुढच्या पायरीकडं बघत.
मी हाक मारली नाही.

हात छातीवर बांधा, शमा म्हणाली,
आणि न टेकता पाच वेळा उठा-बसा.
एकदा उठलो. दुसऱ्यांदा उठलो.
(आम्ही इथल्या बायका उठलो-बसलोच म्हणतो,
तीही म्हणते.)
तिसऱ्याला मांड्यांनी विचारलं, कशाला?
बावीस सेकंद.
मग ती लोखंडी मूठ. आवळली. तेरा किलो.
तेरा किलोचं तर माझं रश्श्याचं पातेलं होतं,
रिकामं.

जाताना डबी दिली. सत्तेचाळीस नंबर.
यात ड जीवनसत्त्व असेल, नाहीतर नुसती पिठी.
मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाही नाही.
मग कुणाला?
पुण्याला एका बंद पाकिटाला.
आणि आजी, गोळी कुठलीही असो,
रोज एक अंडं, वाटीभर डाळ, ग्लासभर दूध.
सांगितलंय सगळ्यांना.

सून म्हणाली, या वयात आता कसली तालीम.
खरं आहे. पण त्या रात्री गंगावेशीत कट्ट्यावर
मी उभा राहिलो, म्हशीपुढं,
हातात किटली नाही, डबा नाही.
कुणासाठी, गवळ्यानं विचारलं.
धारोष्ण होतं. ओठांवर फेस आला
तो पदरानं पुसायला मी उशीर केला.

गच्चीवर अकराच्या उन्हात बसतो,
शेजारणीच्या सांडग्यांना सोबत.
खुर्चीवरनं उठतो, बसतो.
खाली सून भाकरी थापते, तिचा आवाज येतो.
तिच्या एका भाकरीला माझ्या तीन.
आधी दोन होत्या.

सहा महिन्यांनी शमा आली.
सोळा सेकंद. सतरा किलो.
ती आकड्याकडं बघत राहिली, मी तिच्याकडं.
गोळी खरी होती की पिठी?
अजून दीड वर्षानं कळेल, आजी.
आणि तुम्ही एकट्याच, एकीवरनं काही ठरत नाही.
ते मला माहीत आहे, म्हटलं.
तेहेतीस वर्षं एकीवरनं काही ठरलं नव्हतं.

मग कागद काढला. काल काय खाल्लं?
सांगितलं: अंडं, आमटी, मेथीची पेंडपाला,
दूध, दुपारी शेंगदाण्याचा लाडू,
पोरांच्या आधी.
ती लिहीत होती. पेन धरलेला हात
जरासा थरथरत होता.

तू काय खाल्लंस सकाळपासून?
चहा, म्हणाली. दोन वेळा.
तिला अजून सहा घरं करायची होती,
शेवटचं पार उत्तरेश्वर पेठेत.

ठेव ती मूठ, म्हटलं.
तुझी खुर्ची उघड, बस.
आणि मी उठलो,
हात न टेकता.