दुसरी गिटार

पॅच एकतीस, कोरस.
पडदा एका कोपऱ्यात मेला आहे,
त्यामुळे एकतीस की एक्याऐंशी
ते कानांनीच ठरवायचं.

आधी रेट. अगदी खाली आणला
तर सूर धक्क्याला बांधलेल्या होडीसारखा
पाण्यावर नुसता वर-खाली.
थोडा वर नेला, ठीक.
आणखी वर, आणि मामा होनोरीन
कढईतले मासे उलटता उलटता अंगणातून ओरडली,
"तुझ्या गिटारला हिवताप भरलाय का रे?"

मग डेप्थ. हे बटण वात्रट.
त्याची टोपी हरवली, नुसता दांडा उरलाय,
पकडीने फिरवावा लागतो.
तीळभर कमी, तर काहीच होत नाही,
तीळभर जास्त, की गिटार बिअर पिऊन
भिंत धरधरून घरी निघते.

शनिवारी लग्न आहे, लेम्बात.
बँडमध्ये आता आम्ही चौघेच.
माकिएसे गेला ब्रसेल्सला.
तिथेही एक मातोंगे आहे म्हणे,
किन्शासातल्या आमच्याच वस्तीचं नाव लावलेलं,
तीच केळी, केस विणणाऱ्यांची तीच दुकानं,
फक्त सगळं किंचित सरकलेलं
आणि थंड.
तोही एक कोरसच म्हणायचा.

हे यंत्र त्याच्या जागी आलं.
त्यानेच पाठवलं, मावसभावाच्या बॅगेतून,
मोज्यांत गुंडाळून. वर चिठ्ठी:
"मिक्स पन्नासवर ठेव, कुणाला कळणार नाही."

पन्नासवर ठेवलं.
खरंच, एका तारेच्या दोन झाल्या,
खोली रुंदावली, पत्र्याचं छप्परही
जरा वर सरकल्यासारखं.
मी एक वाक्य वाजवलं, त्याने तेच वाजवलं
पापणी लवण्याइतकं मागून.
मी दुसरं वाजवलं. त्यानेही.
होयबा.
जन्मभर माझी री ओढेल, पण
"थांब, चुकतोयस" म्हणणार नाही.

चुकतो तोसुद्धा. सूर ढळतो, परत येतो,
ढळतो, परत येतो,
पण वेळापत्रक लावून.
माकिएसेचं चुकणं वेगळं.
त्याची तिसरी तार कधी जागेवर राहिलीच नाही;
घामाने उतरायची, रागाने चढायची,
आणि पेत्रोनी समोर नाचत असली
की हा पठ्ठ्या माझ्याआधी पोचायचा
जिथे जायचं मी अजून ठरवलंही नव्हतं.
मग मी धावायचो त्याच्या मागून, शिव्या देत.
लोक म्हणायचे, काय चमकतात यांच्या गिटारी!

रेट सत्तावीस. डेप्थ चाळीस आणि थोडं.
मिक्स पन्नासवरून अडतीस,
अडतीसवरून एक्केचाळीस.
मासे संपले, कढई पालथी पडली,
होनोरीनचं घोरणं सुरू झालं.
आणि एकदा, एकदाच,
तिसऱ्या तारेवर तो ओळखीचा आंबटपणा आला.
बस. आता हलवू नकोस.
सेव्ह दाबलं. यंत्राने नाव विचारलं.
एकेक अक्षर चाक फिरवून शोधायचं.
एम. ए. के.

वीज गेली.
सगळ्या गल्लीतून एकच "आऽऽ" निघाला,
नेहमीसारखा, प्रत्येक दारातून
जरासा मागेपुढे.

गिटार मांडीवर होतीच.
अँप मुका. तारांचा नुसता कोरडा, बारीक आवाज.
वाजवत राहिलो.
सेबेनपाशी पोचलो, जिथे गाणारे गप्प होतात
आणि नाच सुरू होतो,
तिथे हात आपोआप थांबला
दोन मात्रा, त्याने शिरावं म्हणून.

कुणी शिरलं नाही.
उशिरासुद्धा.

पलीकडच्या बारमध्ये कुणीतरी
जनरेटरची दोरी ओढत होतं.
एकदा. दोनदा.
मी अंधारात पकड चाचपली.